जुगार आणि तंबाखू एकत्र सोडवणारा मराठी ऑनलाइन कार्यक्रम उभारा : आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम आणि टेली-मानस यांचे राज्यातील अधिकारी

विषय : जुगार आणि तंबाखू या जोडव्यसनासाठी घरबसल्या, फोनवर वापरता येईल असा स्व-मदत उपचार

सस्नेह नमस्कार.

सिगारेटच्या पाकिटावर आणि तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा क्रमांक छापणं २०१८ पासून बंधनकारक आहे. हा राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा क्रमांक. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली ही सेवा सुरू झाली आणि पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र झालं. दुसरा क्रमांक १४४१६. तो टेली-मानसचा, ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालणारा. दोन्ही सेवा मोफत आहेत आणि दोन्ही मोलाच्या आहेत. पण एक उभी राहिली तंबाखूसाठी, दुसरी मानसिक आरोग्यासाठी. रात्री साडेदहाला मॅचवर पैसे लावून बसलेल्या, तोंडात तंबाखूचा बार असलेल्या आणि दोन्हींतून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाला दोन्ही सवयी एकाच आराखड्यात धरणारं, त्याच्याच फोनवर चालणारं मराठी साधन हवं आहे. व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा मंडळींची ही मागणी आहे. ते साधन कसं असावं आणि कुठे फसू शकतं, हे तपशिलात मांडण्यासाठी हे पत्र.

एकत्रच का, हा प्रश्न पहिल्या बैठकीतच निघेल. जुगाराचा विकार असलेल्यांबद्दलच्या सर्वेक्षणांचं एक एकत्रित विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झालं. त्यात सुमारे ६० टक्के जणांत निकोटीनचं अवलंबित्व आढळलं, म्हणजे नैराश्य किंवा चिंताविकारांपेक्षा बरंच जास्त. ही सर्वेक्षणं प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतली आहेत. मात्र ज्यामुळे ही जोडी जमते ती कारणं आपल्याकडेही तीच आहेत. पैसे गेले की माणूस बार भरतो किंवा बिडी पेटवतो, जरा शांत वाटतं, आणि त्या शांततेत 'रिकव्हरी'चा पुढचा डाव लावला जातो. उलटही घडतं. तंबाखू बंद केल्यावर पहिले दोन-तीन दिवस चिडचिड, बेचैनी आणि अपुरी झोप यांचा कहर असतो. तो पुरता ओसरायला दोन ते चार आठवडे लागतात. त्या बेचैनीत हात फोनकडेच जातो.

"आधी मोठं व्यसन सुटू दे, तंबाखूचं नंतर बघू" हा सल्ला घरचे देतात आणि कधीकधी उपचार करणारेही देतात. दारू आणि अमली पदार्थांच्या बाबतीत हा सल्ला तपासला गेला आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असं दिसलं की त्या उपचारासोबतच तंबाखू सोडायला मदत दिली, तर दीर्घकाळ त्या पदार्थांपासून दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी वाढते. जुगार हा पदार्थ नाही, म्हणून हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. तरी तंबाखूला हात लावला तर बाकीचं बिघडेल ही भीती धरून बसण्याचं कारण उरत नाही.

परदेशातला कार्यक्रम आणून त्याचं नुसतं भाषांतर केलं तर तो आपल्याकडे का चालणार नाही, याचं उत्तर राज्याच्याच आकड्यांत आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. एकूण प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखूवाले २४.४ टक्के. काही जण दोन्ही वापरतात. आता ऑस्ट्रेलियातलं उदाहरण घ्या. व्हिक्टोरिया राज्याने २००२ साली जुगाराची यंत्रं असलेल्या ठिकाणी धूम्रपानाला बंदी केली आणि यंत्रांवरचा महसूल घसरला. सिगारेटसाठी बाहेर जावं लागलं की खेळाची तंद्री तुटते, हे त्यामागचं एक मुख्य कारण मानलं जातं. आपल्याकडे ती तंद्री तुटतच नाही. चुन्यात मळलेली तंबाखू, मावा, खर्रा किंवा गुटखा गालात धरला की दोन्ही हात मोकळे राहतात, उठावं लागत नाही, आणि पाऊण तास निकोटीन मिळत राहतं. त्यामुळे परदेशी पुस्तिकांतलं "सिगारेटसाठी उठाल तेव्हा थांबून विचार करा" हे वाक्य इथे निरुपयोगी आहे. मुद्दाम उठायला लावणारी वेगळी योजना आपल्याला करावी लागेल. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणून प्रश्नावलीतून 'गुटखा' वगळण्याची चूकही होऊ नये. बायकांच्या मिश्रीचा पर्याय आवर्जून ठेवावा. मिश्री लावणाऱ्या बहुतेक जणी स्वतःला तंबाखू वापरणाऱ्यांत धरत नाहीत.

ऑनलाइनच का, हेही सांगतो. जुगाराची लाज तंबाखूपेक्षा कितीतरी मोठी असते. तालुक्याच्या दवाखान्यात ओळखीचं कोणी भेटेल म्हणून माणूस जात नाही. त्यात पोलिसांची भीती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यासाठीच्या व्यवहारांवर बंदी आणणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तो कायदा शिक्षा ठेवतो ती खेळ चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि त्यासाठीचे व्यवहार करून देणाऱ्यांना, नुसतं खेळणाऱ्याला नाही. कार्यक्रमाच्या पहिल्याच पानावर हे सोप्या शब्दांत यायला हवं. सोबत हेही, की मटका आणि अड्ड्यावरचे पत्ते १८८७ च्या जुगारबंदी कायद्याखाली येतात, आणि इथे दिलेली माहिती पोलिसांकडे जाणार नाही. शेवटचं आश्वासन खरं ठरेल अशी व्यवस्था आधी करा, मगच ते लिहा.

स्व-मदतीचा उपयोग होतो का? कॅलगरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड हॉजिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे कामाचा आहे. एका गटाला घरी वाचायची पुस्तिका टपालाने पाठवली. दुसऱ्या गटाला तीच पुस्तिका दिली आणि सोबत प्रेरणा वाढवणारा फोनवरचा एक संवाद केला. फोन झालेल्यांचा परिणाम अधिक चांगला आला. आमचा सगळा आग्रह यावर उभा आहे. नुसती लिंक पाठवून भागणार नाही आणि प्रत्येकाला मानसोपचारतज्ज्ञही लागणार नाही. लिंक आणि मोजके फोन यांची जोड हवी.

कार्यक्रम आठ आठवड्यांचा असावा. दर आठवड्याला एक पाठ, पंधरा मिनिटांच्या आत संपणारा, आणि प्रत्येक पाठ ऐकण्याचीही सोय असलेला. प्ले स्टोअरवरून काही उतरवून घ्यायला लावू नका, साधं मोबाइल संकेतस्थळ पुरेसं आहे. फोनवर 'जुगारमुक्ती' नावाचं चिन्ह दिसलं की पहिल्याच दिवशी घरात प्रश्न सुरू होतात.

प्रवेशाच्या वेळी तीन गोष्टी तपासायच्या. जुगारासाठी नऊ प्रश्नांची पीजीएसआय प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. १-२ गुण कमी धोक्याचे, ३ ते ७ मध्यम, आणि ८ किंवा जास्त असतील तर जुगार हाताबाहेर गेलेला. उधारीच्या प्रश्नात आपली उदाहरणं हवीत : सोनं गहाण ठेवणं, बचतगटाचं कर्ज उचलणं, लोन ॲप, टपरीवरची उधारी. जुगार म्हणजे काय तेही नावं घेऊन विचारा. मटका, रमी, तीन पत्ती, क्रिकेटचा 'आयडी' (सट्टा लावण्यासाठी बुकी देतो ते खातं), लॉटरी, आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गकडच्यांसाठी गोव्यातल्या मांडवी नदीवरचे कॅसिनो. नुसतं "तुम्ही जुगार खेळता का" विचारलं तर मॅचवाला "नाही" म्हणेल, कारण त्याच्या मते तो अभ्यास करून पैसे लावतो. तंबाखूसाठी सगळ्यात कामाचा प्रश्न एकच : झोपेतून उठल्यावर किती वेळात पहिला बार किंवा पहिली बिडी? पाच मिनिटांच्या आत असेल तर अवलंबित्व तीव्र आहे.

तिसरी तपासणी धोक्याची, आणि ती कुठल्याही परिस्थितीत गाळू नये. जीव नकोसा झालाय का, हे थेट शब्दांत विचारा. उत्तर होकारार्थी आलं तर पाठ तिथेच थांबवून १४४१६ ला जोडणारं बटण आणि तातडीसाठी ११२ पडद्यावर आलं पाहिजे. रोज दारू पिणाऱ्याला सांगा की दारू एकदम बंद केल्यास झटके येऊ शकतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करावी. औषधंही विचारा. पार्किन्सनसाठी दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही औषधं काही जणांत जुगाराची ओढ उत्पन्न करतात. अशा माणसाने पाठ वाचत बसण्याआधी डॉक्टरांना भेटावं, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तीव्र मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेणारा धूम्रपान सोडतो तेव्हा त्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, कारण धुरामुळे यकृतात औषध लवकर मोडलं जात असतं. मात्रा बदलावी लागू शकते. चहा-कॉफीतल्या कॅफिनचंही तसंच होतं. बिडी-सिगारेट सोडल्यावर नेहमीइतकाच चहा घेतला तरी छाती धडधडते, आणि माणसाला वाटतं की सोडल्यामुळेच त्रास वाढला. चहा निम्म्यावर आणा, हे एक वाक्य पाठात असलं की गैरसमज टळतो.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. पैशाची वाट पहिल्या दिवशी बंद करायची आणि तंबाखू सोडण्याची तारीख साधारण पंधराव्या दिवसाची ठेवायची, असं आमचं मत आहे. जुगारात एका रात्रीत घर बसतं, तंबाखूला दोन आठवड्यांची तयारी मानवते. ज्याला दोन्ही एकदम सोडायचं असेल त्याला अडवू नका. तंबाखूची तारीख मात्र त्याहून पुढे ढकलू देऊ नका, नाहीतर ती येतच नाही. शिवाय ती पगाराच्या आठवड्यात किंवा मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी नसावी.

पैशाची वाट बंद करताना बहुतेक लोक एकच चूक करतात : सगळ्यात आधी ॲप उडवतात. आयडीत शिल्लक राहिलेले दोन-तीन हजार मग डोक्यात घोळत राहतात, "तेवढे काढून घेतो" म्हणून माणूस परत जातो आणि पुन्हा खेळतो. काढायला गेल्यावर बोनसच्या अटी पुढे करतात : अमुक रकमेचे डाव लावल्याशिवाय पैसे निघणार नाहीत. म्हणून पहिलं काम शिल्लक रकमेचं. घरातलं कोणी शेजारी बसवून एकदाच काढून पाहायची. निघाली नाही तर ती बुडाली असं धरून पुढे जायचं. मग आयडी देणाऱ्याचा नंबर ब्लॉक करायचा आणि टेलिग्राम-व्हॉट्सॲपचे ग्रुप सोडायचे. त्यानंतर ॲप काढायचं आणि फोनमधली 'अनोळखी स्रोतावरून ॲप टाकण्याची' परवानगी बंद करायची. बँकेतलं काम त्याच दिवशी उरकायचं. पगार जमा होणारं खातं यूपीआयपासून तोडायचं आणि आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे असलेलं दुसरं खातं जोडायचं. जी बँक सोय देते तिथे यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणायची. डेबिट कार्डाचा ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांचा वापर बंद करायचा. ही सोय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशामुळे कार्डधारकाच्या हातात आहे. ऑटोपेचे जुने मँडेट तपासायचे. मर्यादा पुन्हा वाढवणंही दोन मिनिटांचं काम असतं, त्यामुळे मोठी रक्कम दोघांच्या सहीने चालणाऱ्या खात्यात ठेवणं बरं. पिन कोणालाही द्यायला सांगू नका. ते बँकेच्या नियमात बसत नाही आणि घरात नवं भांडण उभं करतं.

दुसऱ्या आठवड्याचं मुख्य काम नोंदवही. दोन वेगळ्या वह्या दिल्या तर सगळा खटाटोप वाया जातो. जुगार आणि तंबाखू एकाच ओळीत हवे. नोंद कशी दिसेल याचा नमुना :

"शनिवार, रात्री ९.४०. मॅचची सोळावी ओव्हर. मनात काय : दुपारचे ८०० गेले, ते काढायचे. तंबाखू : ९.२५ ला बार. लावले : ५००. पुढे : १०.०५ ला परत बार, परत ५००."

अशा पाच-सहा ओळी जमल्या की वापरणाऱ्याला स्वतःलाच दिसतं की बार डावाच्या पंधरा मिनिटं आधी येतोय. म्हणजे रोखायची जागा ९.४० ची नाही, ९.२५ ची. त्या वेळेसाठी एकच ठोस कृती लिहून घ्यायची : पुडी आणि चुन्याची डबी घरात ठेवायची नाही, नऊ वाजता जेवायला बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा. ओढ येते तेव्हा ती काही मिनिटांत चढून उतरते. तेवढा वेळ उठून चालणं, चूळ भरणं, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकणं. सुपारी देऊ नका. ती स्वतःच व्यसन लावते, तोंडाचा कर्करोग करते, आणि सुपारीवरून माणूस पुन्हा माव्यावर येतो. टपरीचाही विचार हवा. कित्येक ठिकाणी पुडी मिळते त्याच टपरीवर मटक्याचे आकडे घेतले जातात. तिथे पुडी घ्यायची नाही म्हणून उभं राहणाऱ्याला आकडा लावण्याचा मोह होणारच. रस्ता बदलणं हाच तिथला उपाय.

तंबाखूच्या औषधांबद्दल नेमकं लिहावं लागेल. निकोटीन गम, पॅच यांसारखी प्रतिस्थापन औषधं २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहेत. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट ओढणाऱ्याला ४ मिलिग्रॅमची गम, बाकीच्यांना २ मिलिग्रॅमची. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी, आणि दिवसाला २४ हून जास्त नाही. फसतं ते चावण्यात. साध्या च्युइंगगमसारखी भराभर चावली की निकोटीन लाळेतून पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, छातीत जळजळतं, आणि माणूस दोन दिवसांत ती फेकून देतो. हळूहळू चावायची, चुरचुरलं की गालात दाबून ठेवायची, चुरचुर थांबली की परत चावायची, असं अर्धा तास. घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी नको, कारण आंबट-तुरट पेयांमुळे निकोटीन तोंडात शोषलं जात नाही. गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले आणि अठरा वर्षांखालची मुलं यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

तंबाखू चघळणाऱ्यांबाबत मात्र खरं ते सांगा. गम आणि पॅच यांचा पुरावा धूम्रपानासाठी जितका भक्कम आहे तितका चघळणाऱ्यांसाठी नाही. त्यांच्यासाठी समुपदेशनाचा आधार अधिक विश्वासाचा, औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने. त्यांची तोंडाची तपासणीही आरशात करून घ्या. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील तर खर्रा-गुटख्यामुळे तोंडाचं अस्तर आखडत चाललं असण्याची शक्यता आहे. अशा माणसाला गम चावताच येणार नाही. पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दंतवैद्याकडे जायलाच हवं. ही एक सूचना जरी नीट पोचली तरी काही जीव वाचतील.

मधल्या आठवड्यांत जुगाराबद्दलच्या समजुती हाताळायच्या. "चार वेळा हरलो, आता नंबर येणारच" हे मटकेवाल्याचं ठरलेलं गणित. उपदेश करू नका, हिशोब दाखवा. एकेरी अंकाची संधी दहात एक आणि मिळतात सहसा नऊपट. म्हणजे प्रत्येक फेरीत शंभरातले सरासरी दहा अड्डेवाल्याचे. जिंकलेले पैसे पुन्हा लावत गेलं की दहा फेऱ्यांनंतर शंभरातले सरासरी ३५ च उरतात. हा हिशोब आयता देण्यापेक्षा वापरणाऱ्याकडून कागदावर करून घ्या, प्रत्येक फेरीला ०.९ ने गुणत. स्वतः केलेली बेरीज-वजाबाकी डोक्यात राहते. मॅचवाल्यासाठी वेगळा व्यायाम : गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून आयडी देणाऱ्याच्या खात्यांवर गेलेली आणि तिथून आलेली प्रत्येक रक्कम खूण करून मांडायची. जिंकलेलं लक्षात राहतं, हरलेलं विसरलं जातं. स्टेटमेंट काहीच विसरत नाही.

घसरण होणार हे गृहीत धरून एक पान आधीच तयार ठेवावं. या जोडव्यसनात एक बार भरला की "आता सगळंच गेलं" म्हणून माणूस त्याच रात्री डावही लावतो. त्या पानावर चार प्रश्न पुरेत : काय झालं, त्याच्या आधीच्या तासात काय होतं, पैशाची कोणती वाट उघडी राहिली होती, उद्या सकाळी ती कोण बंद करेल. एका सवयीत घसरण झाली तर दुसरीचे दिवस पुसायचे नाहीत, त्यांची मोजणी चालूच ठेवायची.

इथे बनवणाऱ्या कंपनीला काही गोष्टी लेखी बजावाव्या लागतील. आरोग्याच्या ॲपमध्ये आजकाल गुण, पदकं, फिरतं चाक, लकी ड्रॉ टाकायची पद्धत आहे. या कार्यक्रमात यातलं एकही नको, कारण तीच यंत्रणा या माणसाला आजारी करून गेली आहे. पत्ते, फासे, नोटांच्या थप्प्या, पेटलेली सिगारेट, मळलेली तंबाखू यांची चित्रंही नकोत. ती पाहूनच ओढ सुरू होते. एसएमएसचं शीर्षक आणि मजकुराचा साचा डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर) आधी नोंदवावा लागतो, ते करतानाच शब्द असे निवडा की फोन मुलाच्या हातात असला तरी काही उघड होणार नाही. "आजचा पाठ तयार आहे" एवढं बास. डाव सुरू असण्याच्या ऐन वेळी "जुगार टाळा" असा संदेश पाठवणं म्हणजे विसरलेल्याला आठवण करून देणं. संदेश संध्याकाळी सहाच्या आधी जावा. माहिती २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार घ्यावी, आणि खरं नाव, आधार क्रमांक घेऊच नये. फोन नंबर आणि एक टोपणनाव पुरेसं आहे.

फोनवरच्या संवादासाठी नवी फौज नको. क्विटलाइन आणि टेली-मानसच्या समुपदेशकांना एकमेकांचा विषय शिकवा. पहिला संवाद नोंदणीनंतर तीन दिवसांत, वीसेक मिनिटांचा. दुसरा तंबाखूच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी. तिसरा चौथ्या आठवड्यात, कारण अशा कार्यक्रमांत निम्म्या वाटेवर लोक गळतात आणि गळलेल्याला फोनच परत आणतो. तंबाखूच्या समुपदेशकाला "पैसे लावता का" हे विचारायची भीड वाटते, ती सरावाने जाते. पीजीएसआयचे गुण ८ किंवा जास्त असतील तर फोन ऐच्छिक ठेवू नका.

घरच्यांसाठी स्वतंत्र पान हवं. त्यात सगळ्यात आधी हे : कर्ज एकरकमी फेडून टाकू नका. कर्ज फिटलं की उधारीची वाट पुन्हा मोकळी होते. आधी यादी करा, मग हप्ते ठरवा, आणि पैसे खेळणाऱ्याच्या हातात न देता थेट देणेकऱ्याला द्या. लोन ॲपने फोनमधल्या नातेवाइकांना फोन लावायची धमकी दिली तर रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाविषयीच्या नियमांनुसार अशा ॲपना संपर्कयादी पाहायचीच मुभा नाही, हे घरच्यांना माहीत असलं पाहिजे. बेकायदा सावकाराची तक्रार २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

आता चाचणीचं. दोन जिल्हे घ्या, एक विदर्भातला खर्ऱ्याचा पट्टा, दुसरा मुंबई-ठाण्याकडचा. निम्म्यांना एकत्रित कार्यक्रम द्या, निम्म्यांना जुगाराचा आणि तंबाखूचा असे दोन वेगवेगळे, चिठ्ठ्या टाकून. मोजताना तीन चुका टाळा. पीजीएसआय गेल्या बारा महिन्यांबद्दल विचारते, त्यामुळे आठव्या आठवड्याला ती भरून घेतली तर गुण उतरलेले दिसणारच नाहीत. त्या वेळी गेल्या ३० दिवसांत किती दिवस खेळला आणि किती पैसे लावले, एवढंच विचारा. तंबाखू सुटल्याची खात्री श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडवरून करायला जाल तर, तो धुरातून येत असल्यामुळे, चघळणारे सगळे 'सुटलेले' दिसतील. लाळेतल्या कोटिनिनवरून (शरीरात निकोटीन मोडून बनणाऱ्या पदार्थावरून) कराल तर गम घेणारे सगळे 'न सुटलेले' दिसतील. कोणाला कोणती चाचणी, हे आधी ठरवा. आणि सहा महिन्यांनी ज्यांचा फोन लागत नाही त्यांना वगळून टक्केवारी काढू नका. ते खेळत आहेत आणि तंबाखू खात आहेत असंच धरा, मग आकडा जाहीर करा, कमी आला तरी.

आयपीएल साधारण मार्चअखेरीस सुरू होते. नोंदणी जानेवारीत उघडली तर पैशाच्या वाटा बंद करणं, नोंदवही आणि तंबाखूची तारीख हे सगळं पहिल्या मॅचच्या आधी उरकतं. पाठांचा मजकूर, प्रश्नावलीची मराठी आवृत्ती आणि समुपदेशकांचं प्रशिक्षण यांसाठी विनामोबदला काम करायला आम्ही तयार आहोत. विभागाने बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपले,
व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य क्षेत्रातले कार्यकर्ते